लाटंबार्शाच्या वादळाआधीचा वारा

गोव्याहून परतले तेव्हा माझ्या पिशवीत लाल पाण्याच्या बाटल्या होत्या. जिन्यात शेजारच्या बाईंनी कौतुकानं विचारलं, कोकम सरबत का? मी म्हटलं, नाही, पाऊस आहे. त्यांनी लगेच विषय बदलून दिवाळीच्या फराळाचं विचारलं. त्यांना मी तेव्हा काही समजावून सांगितलं नाही, कारण सगळं सांगायचं तर लाटंबार्शापासून सुरुवात करावी लागली असती. ती आता करते.

मी पुण्यात एका संशोधन संस्थेत काम करते. वादळी पाऊस हवेतली धूळ, धूर, काजळी कशी धुऊन काढतो, याचं गणित कॉम्प्युटरवर मांडायचं, हे माझं काम. आम्ही कॉम्प्युटरमध्ये हवेचे चौकोनी डबे कल्पून एकावर एक, एकाशेजारी एक रचतो. त्यांत ढग वाढू देतो, पाऊस पाडतो आणि थेंब खाली येताना किती धूळ पकडतात ते मोजतो. जाड कण थेंबाला चटकन अडकतात. बारीक कण थेंबाच्या कडेनं निसटून जातात. हे सगळं आमच्या गणितात छान जमलं होतं. अडत होतं ते गोव्यातल्या डिचोली भागात. तिथल्या एका कॉलेजातल्या प्राध्यापकांनी आदल्या वर्षी वादळी पावसाचं पाणी गोळा करून पाठवलं होतं. आमच्या गणितात तिथल्या हवेत जेवढी धूळ होती, तिच्यापेक्षा कितीतरी जास्त त्या बाटलीत निघाली. ती आली कुठून, हे कुणाला सांगता येईना.

आमच्या विभागप्रमुखांचं म्हणणं सरळ होतं. एक तर बाटली मळकी असेल, नाहीतर गणित चुकलं असेल. दिवाळीनंतरच्या बैठकीत ते ठरवायचं होतं. चूक सापडली नाही तर पुढच्या हंगामापासून हवेचा जो अंदाज द्यायचा घाटत होता, त्यातून धुळीचा भागच काढून टाकणार होते. तो भाग म्हणजे माझी कित्येक वर्षांची मेहनत. तेव्हा मीच जाऊन पाऊस धरून आणायचं ठरवलं.

लाटंबार्से

त्या प्राध्यापकांनी माझी सोय डिचोलीजवळच्या लाटंबार्से गावात त्यांच्या ओळखीच्या घरी केली होती. घर गोविंदकाका आणि सुलोचनाकाकींचं. थोडी भातशेती, मागच्या डोंगरावर काजू. अंगणासमोरून रस्ता जातो आणि त्या रस्त्यानं खाणीतलं लोहखनिज नेणारे ट्रक जातात. ट्रक ताडपत्री बांधून जातात हे खरं, तरी रस्त्याकडेच्या झाडांची पानं तांबडी दिसतात आणि दोरीवर वाळत घातलेला पांढरा टॉवेल संध्याकाळी पांढरा राहत नाही. पावसाळाभर दबून राहिलेली ती माती ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा सुटी झाली होती.

काकींना दमा होता. साठीच्या, बारीक अंगाच्या बाई. बोलायला फार आवडे, पण दोन वाक्यांमागे थांबावं लागे. थांबल्या की हात वर करून मला खूण करत, म्हणजे गोष्ट संपलेली नाही, बस. मीही बसून राही. पहिल्याच दिवशी त्यांनी मला घरातल्या वस्तूंची नावं शिकवली. खुर्चीला कदेल, खिडकीला जनेल. सकाळी भोंगा वाजवत सायकलवरून पाववाला आला की गरम उंडे, म्हणजे गोल पाव, घ्यायचे, तेही मीच जाऊन आणायचे, कारण फाटकापर्यंत जाऊन परत यायचं म्हणजे काकींना मध्ये एकदा टेकावं लागे. पुण्यात मी सकाळी घाईघाईत टोस्ट खाते. इथं उंडा आणि चवळीसारख्या अळसांद्यांची पातळ भाजी घेऊन आम्ही तिघं ओसरीवर आरामात बसायचो.

अंगणात मी माझं यंत्र मांडलं. यंत्र म्हणजे तिवईवर बसवलेलं मोठं नरसाळं आणि खाली एकीमागून एक भरणाऱ्या बाटल्या. पहिल्या सरीचं पाणी पहिलीत, पुढचं दुसरीत. नरसाळ्यावर झाकण असतं. पावसाचे थेंब पडायला लागले की ते हातानं काढायचं. आधी काढलं तर कोरडी धूळ आत बसते आणि बाटली मळकी असल्याचा आरोप खरा ठरतो. काकांनी यंत्राकडे बराच वेळ पाहिलं आणि शेजारच्या माणसाला ते काय आहे हे असं काही गंभीरपणे समजावून सांगितलं, की तो जाताना मला नमस्कार करून गेला. काय सांगितलंत, असं विचारलं तर काका नुसते हसले.

आणि मग वादळ काही येईना. रोज दुपारी पूर्वेला सह्याद्रीच्या बाजूनं ढग चढायचे आणि संध्याकाळी विरून जायचे.

पेडणे, मांद्रे

बसून राहण्यापेक्षा बाटल्यांचा दुसरा संच किनाऱ्यावर लावावा म्हणून मी मांद्र्याला निघाले. काका-काकींचा मुलगा महेश तिथं एक गेस्टहाऊस सांभाळतो. गाडी बाबीची. बाबी दोडामार्गकडचा, पन्नाशीचा माणूस. पूर्वी खनिजाचा ट्रक चालवायचा, आता टॅक्सी. कोलवाळच्या पुलावरून शापोरा नदी ओलांडली की पेडणे तालुका लागतो. शेतांत कापणी चालली होती. पावसाच्या भीतीनं सगळं घर शेतात उतरलेलं. पेडण्याला बाबीनं गाडी बाजारात थांबवली आणि मला न विचारता दोन बश्या भाजी-पाव आणि मिरचीची भजी मागवली. नाक पुसत पुसत मी ती खाल्ली. शेजारच्या मोकळ्या जागेत नरकासुराचा बांबूचा सांगाडा उभा होता. त्याला अजून डोकं नव्हतं. आमच्याकडे दिवाळीत पोरं मातीचे किल्ले करतात, इथं वाडीवाडीतले लोक मिळून राक्षस उभा करतात आणि दिवाळीच्या पहाटे जाळतात. बाबीचं मत होतं की यंदा पाऊस त्या राक्षसाला जाळण्याआधीच भिजवणार.

मांद्र्याला हवा वेगळी होती. समुद्रावरून येणारी, खारट, ओलसर. महेशनं गच्चीवर जागा दिली. मी झाकण केव्हा काढायचं ते त्याला दोनदा समजावलं. जेवायला बांगड्याचं हुमण, म्हणजे नारळाची आमटी, आणि भात होता. जेवून वर गेले तर एका परदेशी पाहुण्यानं माझ्या तिवईवर आपले पोहायचे कपडे वाळत टाकले होते. नरसाळ्यावर एक टोपी. मी काही बोलायच्या आत त्यानंच माफी मागितली आणि मला तिवईशेजारी उभं करून माझा फोटो काढला.

निघताना महेश गाडीपर्यंत आला. त्याच्या मनात काय आहे ते मला काकांकडून थोडं कळलं होतं. आईला कायमचं मांद्र्याला आणावं, असं त्याला वाटे. काकी तयार नव्हत्या, आणि काका काजू सोडून येणार नव्हते. त्यावरून घरात प्रकरण अबोल्यापर्यंत गेलं होतं. महेश म्हणाला, "ताई, तुमच्या कॉम्प्युटरात बघून सांगा. आई थंय बरी रवतली काय हंय?"

मी काहीतरी गुळमुळीत बोलले. आमच्या गणितातला एक डबा एका अख्ख्या गावाएवढा असतो, त्यातून एका माणसाच्या छातीबद्दल काही सांगता येत नाही, असं. ते खरंच होतं. पण गाडीत बसल्यावर वाईट वाटलं. हवेबद्दल इतकं शिकून एका मुलाला आईनं कुठं राहावं ते मला सांगता येऊ नये, हे बरं वाटेना.

डिचोलीचा रस्ता

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉपवर पाहिलं तर गणित दुपारी वादळ दाखवत होतं, घाटाकडून, बऱ्यापैकी जोराचं. काकांना सांगितलं. ते शेतात पेंढा झाकायला गेले. बाबीला मी थांबवून ठेवलं होतं. मी तिवईजवळ झाकणावर हात ठेवून उभी राहिले. लग्नघरात वरातीची वाट पाहावी तशी माझी अवस्था होती.

पूर्वेचं आभाळ निळंकाळं झालं. वारा पूर्ण पडला. ट्रकसुद्धा थांबले होते. काकी अंगणाच्या कडेला वाळत घातलेलं भात सुपानं गोळा करत होत्या. मी त्यांना आत जायला सांगितलं, त्यांनी हातानं खूण केली, झालंच.

पाऊस येण्याआधी वारा आला. एकदम, अंगावर ढकलल्यासारखा, आणि थंडगार. ढगातून गार हवा खाली कोसळते आणि जमिनीवर आदळून पावसाच्या पुढं पळत सुटते, हे मी संस्थेतल्या विद्यार्थ्यांना अनेकदा शिकवलं आहे. पण त्या वाऱ्यानं रस्ता, शेतं आणि पलीकडचे खाणीचे ढिगारे यांवरची माती उचलून आणलेली मी पहिल्यांदाच पाहिली. लाल भिंतच चालत आली. समोरचा आंबा दिसेनासा झाला. मी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा काकी भाताच्या राशीवर गुडघे टेकून बसल्या होत्या. तोंड उघडं होतं, पण श्वास आत जात नव्हता.

तेवढ्यात पहिला थेंब माझ्या हातावर पडला. झाकण काढायची तीच वेळ होती. मी झाकण तसंच सोडून पळाले.

बाबीनं आणि मी त्यांना उचलून आत नेलं. जनेलं लावली. दम्याचा पंप खोलीत होता, तो दिला. पुन्हा दिला. त्यानं भागेना. काकींचे ओठ निळसर दिसायला लागले तशी बाबीनं गाडी थेट ओसरीला लावली आणि आम्ही डिचोलीच्या सरकारी रुग्णालयाकडे निघालो. काकांना निरोप शेजाऱ्यांकडे दिला.

आता पाऊस धो धो कोसळत होता. गाडीच्या काचा बंद, आत उकाडा, आणि आमच्याबरोबर आत शिरलेली धूळ. काकी माझ्या खांद्यावर रेलल्या होत्या. त्यांनी बोटानं काचेकडे दाखवलं. मला कळलं, पण धीर होईना. बाहेर धूळ असली तर? बाबी आरशातून माझ्याकडे बघत होता. त्यानं विचारलं, "मॅडम, काच उघडू काय नको?"

त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. इतका जोराचा पाऊस थोडा वेळ पडला की जाड धूळ हवेत उरत नाही. हे मी कॉम्प्युटरवर शेकडो वेळा पाहिलं होतं. एवढ्या एका गोष्टीबद्दल माझ्या मनात कधी शंका नव्हती. मी म्हटलं, उघड. बाबीनं काच अर्धी खाली केली. पावसाचे शिंतोडे आणि ओली, गार, स्वच्छ हवा आत आली. काकींचा चेहरा भिजला. त्यांनी तो तसाच काचेकडे धरून ठेवला. श्वास अजून शिटी मारल्यासारखा होता, पण आत जात होता. पुढं रस्त्यात एक फांदी आडवी पडली होती, तिथं बाबी भिजत उतरला, ती ओढून बाजूला केली आणि पुन्हा गाडीत बसला.

रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी काकींच्या तोंडावर औषधाच्या वाफेचा मास्क लावला, हाताला सुई लावली आणि मला बाहेर बसायला सांगितलं. मी बाकावर बसले. माझे केस, कपडे, नखं, सगळं लाल होतं. काका कुणाच्या तरी स्कूटरवरून ओलेचिंब होऊन आले आणि माझ्याशेजारी बसले. बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या की आता भीती नाही, आजची रात्र इथंच राहू द्या. काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

आत गेलो तर काकी उशांना टेकून बसल्या होत्या. मास्क बाजूला करून त्यांनी मला विचारलं, "बाटलेत पाणी पडलां?"

मी म्हटलं, नाही काकी, झाकण काढायचं राहिलं. त्यांना फार वाईट वाटलं. माझ्यामुळे झालं, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणू लागल्या, तेव्हा नर्सनं मास्क परत लावला.

मला मात्र वाईट वाटत नव्हतं. बाहेर बाकावर बसून नखांतली माती काढताना माझ्या लक्षात आलं होतं की बाटलीत जास्तीची धूळ कुठून आली. आमच्या गणितातलं वादळ फक्त हवा धुवायचं. पावसाआधीचा तो गार वारा त्यात होता, पण जमिनीवरची माती उचलायला त्याला आम्ही शिकवलंच नव्हतं. पुण्याच्या आसपास त्यानं फारसा फरक पडत नसेल. इथं, जिथं रस्ताभर आणि ढिगाऱ्यांवर सुटी माती पडलेली आहे, तिथं वादळ आधी धूळ उधळतं आणि मग स्वतःच उधळलेली धूळ धुऊन टाकतं. बाटली मळकी नव्हती. धुण्याचं आमचं गणितही चुकलं नव्हतं, ते अर्धंच होतं.

रुग्णालयाच्या पायऱ्यांवर उभी राहून मी पुण्याला सुजयला फोन लावला. सुजय माझा सहकारी, शांत माणूस. मी जे काही भराभर बोलले ते त्यानं ऐकून घेतलं, आधी काकी कशा आहेत ते विचारलं, आणि मग आदल्या वर्षीच्या त्याच वादळासाठी गणित पुन्हा लावतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत ढग आले. ऑक्टोबरातली वादळं एकदा लागली की अशी लागोपाठ येतात. या खेपेला घरात मी आणि बाबीच होतो. तोंडाला फडकं बांधून मी अंगणात उभी राहिले. वारा आला, लाल भिंत आली, मी डोळे मिटून झाकण दाबून धरलं आणि थेंब पडल्यावर काढलं. पहिली बाटली विटेच्या रंगाची भरली. दुसरी फिकट. शेवटच्या बाटलीतून समोरचा आंबा दिसत होता.

संध्याकाळी सुजयचा फोन आला. वाऱ्याला माती उचलू दिल्यावर जुन्या बाटलीतली धूळ आणि गणितातली धूळ जुळत होती. तंतोतंत नाही, पण आता कुणी बाटलीवर संशय घेतला नसता. मी ओसरीवर कदेलावर बसले आणि बाबीला म्हटलं, आज भजी मी तळते. ती फार चांगली झाली नाहीत. त्यानं सगळी खाल्ली.

पुन्हा मांद्रे

रुग्णालयातून काकींना महेशनं सरळ मांद्र्याला नेलं होतं, काकाही बरोबर गेले होते. पुण्याला निघण्याआधी मी तिथं गेले. त्याचा प्रश्न माझ्याकडे बाकी होता आणि आता मला त्यातलं थोडं तरी सांगता येत होतं. ओसरीवर सगळे बसले असताना मी जे कळलं ते सांगितलं. पावसाची भीती नको. पूर्वेला आभाळ काळं झालं आणि वारा पडला की काकींनी पाऊस सुरू होऊन चांगला वेळ जाईपर्यंत घराबाहेर पडू नये, जनेलं लावून बसावं. महेशनं मांद्र्याच्या गच्चीवर धरलेलं पाणी जवळजवळ नितळ होतं, म्हणजे कोरड्या दिवसांत इथली हवा त्यांना मानवेल असं दिसतं. बाकी औषधाचं डॉक्टर सांगतील ते. आणि कायमचं कुठं राहायचं, ते मी सांगणार नाही.

काकींनी सगळं ऐकून घेतलं. मग महेशकडे वळून म्हणाल्या, "ह्या सुक्या दिवसांत रवतंय. पावसाळ्यात माका परत न्हेवन सोड. आणि तुझ्या बापाशीक आठवड्यान हंय हाड."

दर आठवड्याला यायला काकांनी होकाराची मान हलवली. महेश उठून आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. बाहेर आला तेव्हा त्यानं चहा आणला होता.

दिवाळीची सकाळ मी तिथंच काढली. आमच्याकडे चकल्या-करंज्यांची ताटं असतात, इथं घरात नव्या पोह्यांचे प्रकार होते. गुळातले, दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले आणि एक तिखट. महेशच्या बायकोनं प्रत्येकातलं थोडं थोडं म्हणत मला इतकं वाढलं की दुपारचं जेवण नको झालं. तो परदेशी पाहुणाही पंगतीला होता आणि काकींनी त्याला ताकातल्या पोह्यांचं नाव चार वेळा म्हणायला लावलं.

दुपारी सगळं निवांत झालं. काकींनी ओसरीवर चटई टाकली. मी बाटल्या कागदात गुंडाळत होते, बाबी गाडी पुसत होता. काका पायरीवर बसले होते. थोड्या वेळानं त्यांनी मला हातानं बोलावलं आणि चटईकडे दाखवलं. काकींना गाढ झोप लागली होती, हात डोक्याखाली, कुशीवर.

"कितके म्हयने झाले," काका अगदी हळू म्हणाले, "ती भिंतीक टेकान बसानच निजता. आज आडवी झाली."

बाबीनं गाडी पुसायचं थांबवलं. निघायला उशीर होत होता, पण गाडी सुरू केली तर आवाज होईल म्हणून आम्ही कुणीच उठलो नाही.